आईची सव्वा वीत

टॉर्प क्रीक, विस्कॉन्सिन
सोमवार, २८ एप्रिल

प्रिय व्हॉनी,

तुझं पत्र मागल्या मंगळवारी पोचलं. सव्वादोन वर्षांत नाताळच्या दोन कार्डांपलीकडे तुझ्याकडून काही आलं नव्हतं, तेव्हा पाकिटावरचं तुझं अक्षर बघून मी आधी खुर्चीत बसले आणि मगच ते फोडलं. उत्तराला आठवडा लागला, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. मर्लिनचा गुडघा कुरकुरतो आणि मर्लिनही कुरकुरतो, दोघांना मिळून एकच गोळी देते.

तुझ्या उजव्या हाताचं वाचलं. "कंप सुरू झालाय, आईला होता तोच," एवढ्या एका ओळीत तू ते उरकलंस आणि पुढे दोन पानं डुलुथच्या बर्फावर लिहिलीस. आपल्या घराची रीतच ती. बाबा गेले तेव्हा आईनं फोनवर मला आधी बटाट्याचं पीक कसं आलंय ते सांगितलं होतं. मीही तिचीच मुलगी, तेव्हा हवेपासूनच सुरुवात करते.

इकडचा बर्फ गेला. ओढ्याकाठानं रोज अर्धा तास चालायला जाते, डॉक्टरांचा हुकूम आहे. आज हाल्व्हरसनच्या मक्याच्या धसकटांत क्रौंचांची जोडी उतरली होती. नर पंख पसरून उड्या मारत नाचत होता आणि मादी दुसरीकडे बघत किडे टिपत होती. बऱ्याच वर्षांचा संसार असणार. पुढे जुन्या पुलापाशी ती पांढरी फुलं उमललीत, देठ मोडला की तांबडा चीक येणारी. आठवतं, आपण त्या चिकानं नखं रंगवायचो आणि रविवारी चर्चला निघायच्या आधी आई ती घासून काढायची? तुझी नखं एकदा घासायची, माझी दोनदा. कारण मीच बोट पुढे करून सांगायचे, अजून नीट निघालं नाही म्हणून.

आईची गोधडी मागितलीस. शेवटच्या नोव्हेंबरात ती तुझ्याकडे असताना शिवलेला तो कोपरा तुला बघायचाय, असला थरथरता हात घेऊन तिनं कसं जमवलं ते बोटांनी चाचपून बघायचंय, हे सगळं समजलं. पाठवते ना. आधी धुऊन घ्यावी म्हणते, धूळ बसलीय. आणि बेताचं खोकं मिळायला हवं. मर्लिनला शोधायला लावलंय.

मंगळवार

काल पत्र टाकायचं राहिलं. तर म्हटलं, आजची गंमत पण लिहावी.

बार्बनं कापडाचं दुकान बंद करायचं ठरवलं. ती ॲरिझोनाला मुलाकडे चाललीय, कारण तिथे बर्फ उपसावा लागत नाही. आज शेवटचा सेल होता. दहा डॉलरला एक कागदी पिशवी, तिच्यात मावेल तेवढं कापड तुझं. दार नऊला उघडायचं होतं, पण सव्वाआठलाच अख्ख्या तालुक्यातल्या शिवणाऱ्या बायका थर्मास घेऊन दारात. कापड घडी करून भरलं तर निम्मंच मावतं, घट्ट गुंडाळून उभं लावलं तर दुप्पट, हे मी चर्चमधल्या फर्नबाईंना शिकवलं होतं. त्यांनी माझ्यावर ताण केली. पिशवी भरली की जमिनीवर ठेवायच्या, तिच्यावर बसायच्या, दोन मिनिटं बार्बशी गप्पा मारायच्या आणि उठून पुन्हा भरायच्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई! बार्ब म्हणाली, "फर्न, पिशवी फाटली तर दुसरीचे पैसे पडतील हो." तर म्हणतात, "फाटली तर शिवीन, मला येतं."

मला चांगला माल मिळाला. निळी बारीक फुलं, दोन चौकडे, आणि चार वार मांजरपाट, आईच्या गोधडीच्या काठाला आहे अगदी तसला, दुधाळ. तो कशाला घेतला ते मग सांगते.

घरी आल्यावर मर्लिननं पिशवी उचलून बघितली. "अगं, घरात एवढं कापड आहे की आपण दोघं मेलो तर आपल्याला गुंडाळून वर पडदे शिवता येतील." मी म्हटलं, "तुला गुंडाळायला चौकडा घेतलाय." तो खूश झाला.

वाचनालयातून मोठ्या टाइपातली एक खुनाची कादंबरी आणलीय. पाद्र्याच्या बागेत प्रेत सापडतं. चाळिसाव्या पानापर्यंत आले, अजून कुणी धड रडलेलं नाही.

बुधवार

दिवसभर पाऊस, फिरणं झालं नाही. खिडकीपाशी बसून थोडं हातशिवण केलं. बरं झालं नाही.

मर्लिननं दिवाणखान्यात तीन खोकी आणून ठेवलीत. पहिलं लहान, दुसरं ओलं, तिसऱ्याला मासळीचा वास. प्रत्येकाला मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुला खोकं नकोय, असं मला वाटायला लागलंय." मी कादंबरी उघडली. जेवताना त्यानं विचारलं, "सापडला का खुनी?" म्हटलं, अजून नाही. "तुला तर नेहमी आधीच कळतं." हो, कळतं.

गुरुवार

आज चर्चच्या तळघरात आमचा गोधड्यांचा दिवस. आठ बायका असतो, कॉफीचं मोठं पिंप, आणि कुणीतरी केलेल्या वड्या. आज लेमनच्या होत्या. या गोधड्या परदेशी छावण्यांत जातात, त्यांना टाके घालत नाही, लोकरीच्या गाठी मारतो, तुला ठाऊकच आहे. मी पिशवीतून कात्री काढायला गेले आणि कात्रीबरोबर माझा कालचा मांजरपाटाचा तुकडा बाहेर पडला. फर्नबाईंच्या पायाशीच.

त्यांनी तो उचलला. "हे काय गं? प्यायली होतीस का?"

"नाही हो. सहज आपलं."

"सहज? तू आणि सहज वाकडं?" त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तुकडा नाकाशी धरला. "आर्डिस, हे सगळे एकसारखे वाकडे आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. शाळेतल्या कवायतीसारखे. कुणाच्या म्हाताऱ्या हाताची नक्कल करतेयस?"

"कुणाच्याही नाही."

"मग ठीक. कारण म्हातारा हात असा नसतो. तो तीन टाके गुणी मुलासारखा घालतो आणि चौथ्याला दगा देतो. कधी देईल ते त्यालाही ठाऊक नसतं."

"तुम्हाला बरं एवढं ठाऊक."

"मला नाही तर कुणाला? माझ्या गाठी तू दर गुरुवारी घरी नेतेस, सोडतेस आणि परत बांधून आणतेस. मला दिसत नाही होय?"

मी वडी हातात धरून बसले. बाकीच्या बायका एकदम फार मन लावून लोकर कापायला लागल्या, त्यावरून कळलं की हे सगळ्यांनाच माहीत आहे.

"मी कधी बोलले नाही," फर्नबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्त लागलं. "म्हटलं, हिला त्यात समाधान असेल. ज्याला ती गोधडी मिळते त्याची थंडी जाते, गाठ तुझी काय नि माझी काय. पण खरं सांगू? गुरुवारी सकाळी घरातून निघताना दर वेळी मला वाटतं, आज नकोच जायला." मग तुकडा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "कॉफी घे. गार होतेय."

घरी आले. डगला न काढता टेबलाशी बसले आणि हे लिहितेय. वरची तीन पानं फाडावीत असं दोनदा मनात आलं. नाही फाडत. मी किती दिवस काय काय सांगत बसले तेही तुला दिसू दे.

व्हॉनी, तो कोपरा नाही. मी उसवला.

कसं झालं ते नीट सांगते. तुझं पत्र समोर आहे, त्यातलं तुलाच परत सांगते, कारण ते पुन्हा वाचल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही. तू लिहिलंस की आईला बारीक सुई धरवेना, म्हणून ती जाडी, पोती शिवायची सुई घेऊन बसायची. सकाळी कॉफी झाली की खिडकीपाशी. कधी पाच टाके, कधी दोन, एक दिवस एकही नाही. सव्वा वीत शिवायला एकोणीस दिवस. आणि संपल्यावर ती तुला म्हणाली, "आर्डिसला सांग हे तू घातलेस म्हणून. तिला कळलं माझे आहेत तर ती बोलायची काही नाही. नुसती बघेल."

नुसती बघेल. हे मी या आठवड्यात किती वेळा वाचलं त्याला गणती नाही.

तू शब्द दिलास आणि पाळलास. दफनानंतरच्या जेवणात, त्याच तळघरात, हॅमची सँडविचं खाताना तू मला उशीच्या अभ्र्यात घातलेली ती गोधडी दिलीस. म्हणालीस, थोडी राहिलीय, तू पुरी कर. मी तिथल्या तिथे उलगडली. सगळी गोधडी आईच्या जुन्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांची, आणि एका कोपऱ्यात ते. मी काय म्हणाले ते तुला आठवत असणारच, तरी मीच लिहिते, तेवढी तरी शिक्षा मला हवी. मी म्हणाले, "व्हॉनी, दाभणानं शिवलंस की खुरप्यानं? यात रात्री कुणाचाही अंगठा अडकून मोडेल!" सगळे हसले. आई जाऊन चार दिवस झालेले, लोकांना हसायला काहीतरी हवंच होतं. तू हातातली बशी खाली ठेवलीस, गाडीच्या किल्ल्या घेतल्यास आणि पडत्या बर्फात चार तास गाडी चालवत डुलुथला गेलीस. मी मर्लिनला म्हटलं, हिला चेष्टा सोसत नाही, लहानपणापासून असंच.

त्याच आठवड्यात मी तो कोपरा उसवला. अर्ध्या तासाचं काम. एवढे लांब टाके, कात्रीचं टोक घातलं की सुटत होते. मनात म्हणत होते, आईच्या शेवटच्या गोधडीत ही घाण नको. मग बारीक सुईनं इंचाला बारा टाके घालून मी तो पुरा केला, कडेनं पट्टी लावली आणि जुलैच्या जत्रेत गोधडी आईच्या नावानं प्रदर्शनात ठेवली. निळी फीत मिळाली. परीक्षकांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, "टाके सर्वत्र एकसारखे." ती चिठ्ठी मी चौकटीत लावलीय.

आणि तू या पत्रात लिहितेस की पेपरात फोटो बघून तू रडलीस, कारण तो कोपरा असूनही त्यांनी आईला पहिलं बक्षीस दिलं. दोन वर्षं तू त्या आनंदावर गप्प बसलीस. मी केलेल्या चेष्टेची तुझ्या मते त्यानं भरपाई झाली.

ते दोरे मी चुलीत टाकले, व्हॉनी. काहीतरी जपून ठेवलं असेल म्हणून तीन दिवस बटणांचे सगळे डबे उपसले. नाही ठेवलं.

आता मांजरपाट. तू म्हणशील, आणखी काय राहिलं. तुला फसवायचं माझ्या मनात होतं. तू आईच्या टाक्यांवर बोट ठेवणार, तर ते टाके मीच घालून द्यावेत. जाडी सुई, मेण लावलेला दोरा, थोडे लांब, थोडे तिरके. तुला कळलं नसतं आणि तुझं समाधान झालं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. बुधवारी दिवसभर त्या कापडावर सराव केला. सेहेचाळीस वर्षं हाताला सरळ शिवायला शिकवलं, तो आता वाकडं शिवायला तयार होईना. डोळे मिटून घातले तरी रांगेत. शेवटी डाव्या हातानं घातले, तेही बघता बघता सुधारायला लागले! रडावं की हसावं कळेना. मर्लिन दारातून म्हणाला, "काय करतेस?" मी म्हटलं, शिवतेय. "मग शिव्या का देतेस?"

आज एवढंच. हात दुखतोय. माझा नुसताच दुखतो, हे लिहितानाही लाज वाटतेय.

शुक्रवार

पत्र टाकलं नाही. पाकीट लिहिलं, तिकीटही चिकटवलं.

पहाटे उठून पाणवठ्यापर्यंत चालत गेले. क्रौंच नव्हते. पिवळी फुलं दलदलीत भरगच्च आलीत आणि ओढ्याच्या वळणावर रानकांद्याचा वास सुटलाय. मी एकटी चालते तेव्हा आईशी बोलते, ते आज जमेना. काय बोलणार? कुणी आपल्याला भीत होतं हे ते माणूस गेल्यावर कळलं तर माफी कुठे मागायची? ती माझ्याकडे यायची तेव्हा शिवण कधीच आणायची नाही. म्हणायची, डोळे थकलेत गं. मी तिला तीन चष्मे करून दिले.

परत आले ते ठरवूनच, की गोधडी धुवायची आणि आहे तशी, माझ्या टाक्यांची, तुला पाठवायची. पत्रात सगळं लिहिलंय, आणखी काय करणार? न्हाणीच्या टबात गार पाणी सोडलं. पाण्यात घालायच्या आधी धूळ झटकावी म्हणून गोधडी मागच्या दोरीवर नेऊन टाकली. सूर्य कोठाराच्या छपरावर जेमतेम आलेला, ऊन अगदी तिरपं. आणि काठाचा तो कोपरा माझ्या डोळ्यांसमोर.

व्हॉनी, भोकं आहेत.

गोधडी उसवल्यापासून कधी पाण्यात गेलेलीच नाही. पाण्यानं कापड फुगतं आणि सुईच्या जागा मिटतात, हे मी नवशिक्या पोरींना शंभरदा सांगितलंय. आणि सुई जाडी होती. मी शिवलं ते पेन्सिलीच्या रेघेवर, काटेकोर. आईचा हात रेघेवर राहिला नव्हता, म्हणून तिच्या सुईच्या जागा माझ्या ओळीच्या दोन्ही बाजूंना तशाच उरल्यात. प्रदर्शनाच्या मांडवात ट्यूबलाइट होते, त्यांत दिसल्या नाहीत. माझ्या कपाटात तर अंधारच. तिरप्या उन्हात मात्र एकूणएक दिसतात, मिठाच्या डबीच्या झाकणाला असतात तशी बारीक भोकं.

मी दोरीपाशी उभी राहून ती वाचली. दुसरा शब्द नाही. पहिले तीन जवळजवळ, नीट. मग एक लांब उडी. मग एकाच जागी चार भोकं, तिथे सुई शिरत नसणार आणि ती पुन्हा पुन्हा घालत असणार. मग एक जागा रिकामी. मग पुन्हा दोन नीट. फर्नबाई म्हणाल्या तसंच, कधी दगा देईल ते हातालाही ठाऊक नाही. शेवटी शेवटी टाके चांगले झालेत, व्हॉनी. खरंच, शेवटची दोन बोटं जागा जवळजवळ सरळ आहे. मी ते कसं बघितलं नव्हतं? बघणं एवढं एकच तर मला येतं.

मर्लिन आला तेव्हा मी काठात तोंड खुपसून रडत होते. त्याला वाटलं मधमाशी चावली. सगळं सांगितलं, कोपऱ्याचंही. त्यानं माझ्या हातातून काठ सोडवला. मग आत जाऊन टबाचं बूच काढून आला आणि म्हणाला, "संध्याकाळी मासे खायला जाऊ." दर शुक्रवारी जातो तसे गेलो. त्यानं माझी प्लेट संपवली.

शनिवार

आज मी माझे टाके उसवले. इंचाला बारा, सकाळी सातला बसले ते जेवणवेळेपर्यंत. एकेक टाका टोचणीनं उचलून कापला, म्हणजे आईची जागा ताणली जाऊ नये. एवढं जपून मी कधी शिवलंही नव्हतं. पहिल्यांदा कसं अर्ध्या तासात झालं, ते राहून राहून आठवत होतं.

मर्लिननं भिंतीवरची फीत आणि चिठ्ठी न विचारता काढून ठेवली. मागे वॉलपेपरचा ताजा रंग दिसतोय. मी म्हटलं, तिथे काय लावायचं? तो म्हणाला, "घड्याळ लाव. सगळे त्याच्याकडे बघतात, ते कुणाकडे बघत नाही." हा माणूस वर्षातून एकदा शहाण्यासारखं बोलतो, ते यंदाचं झालं.

कादंबरी संपवली. खुनी पाद्र्याची बहीण निघाली. मला पन्नासाव्या पानावरच कळलं होतं, पण मी कुणाला बोलले नाही.

रविवार, ४ मे

चर्चमध्ये फर्नबाईंच्या शेजारी बसले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "गुरुवारी लवकर ये, पिंप एकटीला उचलत नाही."

आता तुला विचारायचं ते विचारते.

गोधडी टपालानं पाठवत नाही. हे पत्र उद्या टाकते, ते आधी पोचेल. ते वाचून माझं तोंड बघायची तुझी इच्छा नसेल तर दोन ओळी लिही, मर्लिन गोधडी आणून देईल, तो तुला आवडतो. तू मला माफ करावंस असं मी म्हणणार नाही. अंगठ्याची ती चेष्टा तू दोन वर्षं आईच्या वाटची सोसलीस, आणि मी त्या दोन वर्षांत लोकांना सांगत हिंडले की माझी बहीण हळवी आहे.

पण ये म्हणालीस तर मी स्वतः घेऊन येते.

धुतलेली नाही. धुवायची नाही. त्या कोपऱ्यात आता एकही दोरा नाही, ना तिचा ना माझा. नुसत्या जागा आहेत, एकसष्ट टाक्यांच्या. सकाळच्या उन्हात तुझ्या पूर्वेच्या खिडकीत दिसतील, आणि नाही दिसल्या तर बोटाला लागतील. आईची ती जाडी सुई तू टाकली नसशील, मला माहीत आहे. दोरा मी आणते, मेण लावून. शिवायचं तू. तिच्याच जागांतून. हात हलतो म्हणतेस, हलू दे. मी एक अख्खा दिवस प्रयत्न केला, त्या वाटेनं माझा हात जात नाही.

मी गोधडी ताणायची चौकट धरून बसेन. कॉफी करीन. एकोणीस दिवस लागले तर एकोणीस दिवस, मर्लिनला अंडी उकडता येतात. आणि तू शिवत असताना मी तुझ्या हाताकडे बघणार नाही, व्हॉनी. तुमच्या तळ्यावरचा बर्फ कसा फुटतोय ते बघत बसेन, आणि त्याच्याबद्दल बोलीन, दोन पानं भरतील एवढं.

उत्तराची वाट बघतेय.

तुझी बहीण,
जिच्या नजरेला आई भ्यायची ती,
आर्डिस